टोकन देण्याआधी घर पुन्हा बघताना: मुंबईत रिसेल फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

भांडुपमधला दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. जानेवारीतला रविवार, सकाळचे अकरा, हॉलमध्ये छान ऊन आलेलं, सगळीकडे नव्या रंगाचा वास. आम्ही आत जेमतेम पंधरा मिनिटं होतो. निघताना एजंट जिन्यातच म्हणाला, "संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय, टोकन टाकून ठेवा." नवऱ्याने मोबाइलवर बँकेचं अ‍ॅप उघडलंही होतं. ५१ हजार जाणार होते. आई घरी होती, तिला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "मी अजून बघितलेलं नाही. बुधवारी मला घेऊन चला, मग काय द्यायचं ते द्या."

बुधवारी संध्याकाळी आई आली. हॉलमध्ये बसली नाही, पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही. सरळ बेडरूममध्ये गेली आणि दाराच्या मागच्या भिंतीपाशी थांबली. तिथे कॅलेंडर लावलेलं होतं, पण कमरेच्या उंचीवर. "एवढ्या खाली कॅलेंडर कोण लावतं गं?" म्हणत तिने ते उचललं. मागे हातभर रंग फुगलेला. नखाने दाबल्यावर पापुद्रा सुटला आणि ओलं प्लास्टर मातीसारखं बोटाला लागलं. भिंतीच्या पलीकडे बाथरूम होतं.

ते घर आम्ही सोडलं. पुढच्या सात महिन्यांत अकरा घरं बघितली, त्यातली चार दुसऱ्यांदा. मुलुंड पूर्वेला जे घेतलं ते तीनदा बघितलं. या फेऱ्यांमध्ये जे शिकायला मिळालं ते इथे क्रमाने लिहिते आहे. पहिल्या भेटीत आपण घर आपल्याला आवडतंय का ते बघतो. दुसऱ्या भेटीत त्या घरात पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि कुठे मुरतं ते बघायचं. मुंबईतल्या जुन्या घराची निम्मी कुंडली त्या पाण्यात असते.

हे सगळं सोसायटीतल्या रिसेल फ्लॅटबद्दल आहे. बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर घेणार असाल तर महारेराचा (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक तपासा, आणि करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागू शकत नाही हे लक्षात ठेवा. बाकी तो वेगळा विषय आहे.

१. वेळ तुम्ही ठरवा, एजंटला ठरवू देऊ नका

एजंट घर दाखवतो ते घराच्या सगळ्यात चांगल्या वेळी. दुसरी भेट कामाच्या दिवशी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान घ्या. त्या वेळी शेजारी घरी आलेले असतात, गाड्या लागलेल्या असतात, वरच्या घरातल्या पावलांचा आवाज येतो, खालच्या हॉटेलचा धूर कुठल्या खिडकीतून आत येतो ते कळतं. जवळ शाळा, मंगल कार्यालय किंवा मोठं मैदान असेल तर त्यांच्या गर्दीच्या वेळी एकदा खाली नुसती चक्कर मारा, वर जायचीही गरज नाही.

स्टेशनपासून चालत या. "सात मिनिटं" म्हणजे कोणाची सात मिनिटं, ते संध्याकाळी साडेसातच्या गर्दीतून हातात पिशवी घेऊन पुलावरून उतरल्यावरच समजतं. आम्हाला एका घराचं अंतर सात मिनिटं सांगितलं होतं, आईच्या चालीने ते अठरा निघालं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्यांनाच सोबत घेऊन चाला.

पावसाळा जवळ असेल आणि घाई नसेल तर थांबा. सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी घर बघण्यासारखी परीक्षा नाही. जुलैमध्ये विकणारा माणूस "आत्ता नको, आठवड्याने या" म्हणाला तर आवर्जून त्याच दिवशी जा.

२. पिशवीत काय न्यायचं

पाच मीटरची मोजपट्टी, चांगला टॉर्च (मोबाइलचा पुरत नाही), लाइनमन वापरतात तसा टेस्टर, मोबाइलचा चार्जर, एक रुपयाचं नाणं, एक काचेची गोटी, वही. बालदी आणि मग त्यांच्या घरातलाच मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी विचारा.

आणि एक असं माणूस न्या ज्याला घर आवडण्याची गरज नाही. माझ्यासाठी ती आई होती. तुमच्यासाठी सिव्हिलमध्ये काम करणारा मामेभाऊ असेल किंवा ओळखीचा प्लंबर. प्लंबरला तासाभराचे पैसे द्यावे लागले तरी द्या.

३. घरात शिरण्याआधी इमारत फिरा

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. वॉचमनला सांगून आधी इमारतीभोवती चक्कर मारा. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, पार्किंग असेल तर खांबांकडे टॉर्च मारून बघा. खांबाला उभी, सरळ चीर गेली असेल किंवा प्लास्टर निघून आतली गंजकी सळी दिसत असेल तर थांबून विचार करायला हवा. आपल्याकडे हवा खारी. सळी गंजली की फुगते, फुगली की काँक्रीट फोडते, आणि वरून सिमेंट थापून रंग दिला तरी आत गंज चालूच राहतो. बाहेरच्या भिंतींवर ड्रेनेजच्या पाइपजवळ पिंपळ उगवलाय का तेही बघा. तिथे पाणी मुरतंय याची ती खूण.

मग गच्चीवर. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं घर असेल तर गच्ची बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. कोबा तडकलाय का, पाणी साचल्याच्या काळ्या कडा आहेत का, टाकीखालचा भाग ओला आहे का. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर सेक्रेटरींना विचारा की ती कधी आणि का घातली. बहुतेक वेळा वॉटरप्रूफिंग फसल्यावरच ती घातलेली असते.

खाली येताना लिफ्टशेजारचा नोटीस बोर्ड नीट वाचा. फोटो काढा. थकबाकीदारांची यादी, दुरुस्तीसाठी काढलेली वर्गणी, "पाणी जपून वापरा" अशी सूचना, सर्वसाधारण सभेचे विषय, सगळं तिथे लावलेलं असतं. आमच्या दुसऱ्या घराचा निकाल नोटीस बोर्डानेच लावला: प्रत्येक सभासदाने मोठ्या दुरुस्तीसाठी अडीच लाख भरायचे होते आणि घरमालकाने ते भरलेले नव्हते. आम्हाला कोणी बोललं नव्हतं.

तळमजला किंवा पहिला मजला असेल तर कोपऱ्यावरच्या वाण्याला एकच प्रश्न विचारा: "२६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं?" २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जुना दुकानदार भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतो. हिंदमाता, शीवचं गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं सगळ्यांना माहीत असतात, पण तुमच्या गल्लीतलं पाणी बातम्यांत येत नाही, ते वाण्यालाच माहीत असतं.

४. ओल

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. अर्धा तास गेला तरी चालेल.

घराचा नकाशा मनात धरा आणि बाथरूम, संडास, किचनचा ओटा यांना लागून असलेली प्रत्येक भिंत दुसऱ्या बाजूने तपासा. हाताचा तळवा नाही, हाताची मागची बाजू लावा, गारवा तिला लवकर कळतो. जमिनीपासून वीतभर वरपर्यंत नाण्याने हळूच ठोका. प्लास्टर सुटलेलं असेल तर पोकळ आवाज येतो. पांढरी भुकटी, पोपडे, स्कर्टिंगच्या टाइलच्या सांध्यात काळपट रेघ, दाराच्या लाकडी चौकटीचं खालचं टोक कुजलेलं, या सगळ्या एकाच गोष्टीच्या खुणा आहेत.

मग वर बघा. तुमच्या बाथरूमच्या वर शेजाऱ्यांचं बाथरूम असतं. बाथरूममध्ये फॉल्स सीलिंग किंवा पीव्हीसीची पट्टी लावलेली असेल तर एक पट्टी सरकवून टॉर्च मारू द्या असं म्हणा. हे मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण नव्वद लाखांचा व्यवहार आहे आणि ती पट्टी परत बसते.

लपवण्याच्या जागा ठरलेल्या असतात. एकाच भिंतीला दिलेला ताजा रंग. एकाच भिंतीला वॉलपेपर. खोलीत सोयीची नसलेली जागा धरून उभं असलेलं कपाट. बेडच्या मागे छतापर्यंत लावलेलं प्लायवूड. आणि अर्थात खाली लावलेलं कॅलेंडर. कपाट हलवता येत नसेल तर त्याच्या मागच्या फटीत टॉर्च मारा आणि वास घ्या. ओलीचा वास रंगाने जात नाही. तो कपाटातल्या कपड्यांना, उशांना लागलेला असतो.

ओल सापडली म्हणजे घर लगेच सोडायचं असं नाही. आधी ती कुठून येते ते शोधा, कारण खर्च कोणाचा हे त्यावर ठरतं. आदर्श उपविधींप्रमाणे (सहकारी सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या घरातल्या संडास-बाथरूममधून होणारी गळती हा संबंधित सभासदांचा खर्च. पहिली निस्तरते. दुसऱ्या प्रकारात वरचे लोक कसे आहेत त्यावर सगळं अवलंबून असतं. भांडुपच्या त्या घराच्या वर आम्ही गेलो तर दार उघडणाऱ्या गृहस्थांनी आम्ही काही विचारायच्या आत सांगितलं, "आमच्याकडून काही लीक नाही, त्यांना सांगा आधी स्वतःचे नळ बघा." वाद तीन वर्षांचा होता असं नंतर खालच्या काकूंकडून कळलं. भिंत दुरुस्त झाली असती, तो वाद आम्ही विकत घेतला असता.

५. नळाचं पाणी

मुंबईत महापालिकेचं पाणी भागाभागाला ठरलेल्या वेळी येतं. सोसायटी ते खालच्या टाकीत साठवून पंपाने वर चढवते. म्हणून तीन प्रश्न: पालिकेचं पाणी किती वाजता येतं, सोसायटी घरात दिवसातून किती वेळ सोडते, आणि मे महिन्यात टँकर मागवावे लागतात का. पहिले दोन वॉचमनला विचारा. तिसरा घरात काम करणाऱ्या मावशींना विचारा, त्या खरं सांगतात.

घरात बालदी नळाखाली ठेवून भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. आधी किचनमध्ये, मग बाथरूममध्ये, मग दोन्ही नळ एकत्र सोडून. वरच्या मजल्यांवर दाब कमी असतो, वरती टाकी जवळ असल्यामुळे. मग बाथरूमच्या दूरच्या कोपऱ्यात मगभर पाणी ओता आणि बघत राहा. ते जाळीकडे गेलं पाहिजे. दाराकडे आलं किंवा मधेच थांबलं तर उतार चुकलेला आहे, आणि तो दुरुस्त करायचा म्हणजे सगळ्या टाइल उखडायच्या. फ्लश दोनदा करा. सिंकमध्ये पाणी भरून एकदम सोडा आणि खालचा पाइप हाताने चाचपा.

६. मोजा, स्वतः मोजा

जाहिरातीतला आकडा, एजंटचा आकडा, जुन्या करारातला आकडा आणि तुमच्या मोजपट्टीचा आकडा हे चार वेगळे निघतात. आम्हाला साडेपाचशे सांगितलं ते बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट मोजलेलं होतं. मोजल्यावर आतलं वापराचं क्षेत्र ३९२ चौरस फूट भरलं. दर चौरस फुटाला किती पडतो याचा हिशेब त्या ३९२ वर करा. दोन घरांची तुलना तेव्हाच खरी होते.

रेरा कायद्यात कार्पेट एरिया म्हणजे आतलं वापराचं क्षेत्र: आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस सोडून द्यायची. जुन्या करारांत बहुतेकदा बिल्टअप लिहिलेलं असतं. आकडा चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा.

मोजताना मंजूर नकाशाची प्रत हातात असेल तर उत्तम. हॉलमध्ये आत घेतलेली बाल्कनी, खिडकीबाहेर वाढवलेला भाग, किचन हलवून केलेली खोली हे सगळं नकाशाशी जुळतं का ते बँकेचा व्हॅल्युअर बघतोच. त्याच्याकडून कळण्याआधी तुम्हाला कळलेलं बरं. तुमचा पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन यांची मापं वहीत लिहून न्या. जिन्याच्या वळणावर कपाट वळेल का तेही बघा, विशेषतः लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींत.

७. वीज, दारं, खिडक्या

हे पटकन होतं. प्रत्येक पॉइंटला चार्जर लावून बघा. एसीचा वेगळा पॉइंट आणि एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आहे का, जुनी फ्यूजची पेटी आहे का. सगळे पंखे, दिवे एकदम चालू करा. मीटरवरचा ग्राहक क्रमांक टिपून घ्या, थकबाकी नंतर तपासता येते. फरशीवर गोटी ठेवा, घरंगळली तर फरशी एका पातळीत नाही. प्रत्येक खिडकी पूर्ण उघडा आणि बंद करा. खिडकीच्या खालच्या चौकटीत पाणी साचल्याचे डाग असतील तर पाऊस तिथून आत येतो. पश्चिमेकडच्या खिडक्या जास्त नीट बघा, आपल्याकडे पावसाचा मारा त्या बाजूने असतो.

८. शेजाऱ्यांशी बोला, एजंटशिवाय

एजंटला नम्रपणे सांगा की आम्ही जरा थांबतो, तुम्ही निघा. मग समोरच्या दाराची बेल वाजवा. "नमस्कार काकू, आम्ही हे घर बघतोय, दोन मिनिटं बोलायचं होतं," एवढंच पुरतं. मुंबईत माणसं कामात असतात पण नव्या शेजाऱ्याबद्दल उत्सुकता सगळ्यांना असते.

थेट "सोसायटी कशी आहे?" विचारलं तर "चांगली आहे" एवढंच उत्तर येतं. असं विचारा: मेंटेनन्स किती येतो, गेल्या वर्षी वाढला का, सभा नियमित होतात का, या घरात याआधी कोण राहत होतं, घर किती दिवसांपासून विकायला आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर भाव ठरवताना कामी येतं. आमच्या मुलुंडच्या घराबद्दल काकूंनी सांगितलं की ते आठ महिने बंद होतं आणि मालकांची मुलं पुण्याला आहेत, त्यांना लवकर मोकळं व्हायचंय. त्या माहितीने आमचे दीड लाख वाचले.

पार्किंगबद्दल मात्र शेजाऱ्यांवर किंवा विकणाऱ्यावर विसंबू नका. उघडी किंवा स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केलं आहे. "फ्लॅटसोबत पार्किंग आहे" असं कोणी म्हणालं तर सोसायटीने ती कोणत्या नियमाने दिली आहे आणि नव्या सभासदाला मिळणार का, हे सेक्रेटरींकडून लेखी घ्या.

९. कागद बघा

दुसऱ्या भेटीला येताना कागदांच्या झेरॉक्स मागतो असं फोनवरच सांगून ठेवा. खरा विकणारा फाइल काढून ठेवतो. ही यादी:

- पहिल्या बिल्डर-करारापासून आजपर्यंतचे सगळे करारनामे, एकही दुवा न तुटता, नोंदणीच्या पावत्या आणि इंडेक्स टू (नोंदवलेल्या कराराचा सरकारी गोषवारा) सह
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मागच्या बाजूला सध्याच्या मालकाचं नाव चढलेलं
- भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला)
- मंजूर नकाशा
- मालमत्ता पत्रक (जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी उतारा), आणि सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीकडे येणं, म्हणजे कन्व्हेयन्स) झालेलं आहे का
- ताजं मेंटेनन्स बिल आणि थकबाकी नसल्याचं पत्र, मालमत्ता कराची आणि विजेच्या बिलाची प्रत
- मालकांचं पॅन आणि आधार
- घरावर कर्ज असेल तर बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी

इंडेक्स टू तुम्ही स्वतःही शोधू शकता. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये फुकट बघता येतं.

इथले दोन खड्डे मोठे आहेत. पहिला नॉमिनीचा. मूळ मालक वारले आणि सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलं, म्हणून नॉमिनी एकटा मालक होत नाही. बाकीचे वारस असतील तर त्यांच्या सह्या, हक्कसोडपत्र किंवा कोर्टाचा कागद लागतो. "बहिणीचं काही म्हणणं नाही" हे तोंडी चालत नाही. दुसरा खड्डा मालक परदेशात राहणारा असेल तेव्हाचा: ५० लाख आणि त्यावरच्या घरावर खरेदीदाराने मालकाला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आयकर) कापून सरकारकडे भरायचा असतो, पण विकणारा अनिवासी असेल तर हा नियम लागू होत नाही, कपात बरीच जास्त असते आणि पद्धतही वेगळी. ती चूक खरेदीदाराच्या अंगावर येते. अशा वेळी सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी (ना हरकत पत्र) आदर्श उपविधींप्रमाणे लागत नाही, पण कर्ज देणारी बँक मागते. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश शुल्क १०० रुपये, आणि प्रीमियम (हस्तांतरणासाठी सोसायटी वरून घेते ती रक्कम) महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. त्यावर "बिल्डिंग फंडाला देणगी" मागितली तर नियम दाखवा.

१०. इमारत म्हातारी असेल तर

३० वर्षांच्या वरच्या इमारतीला महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची इंजिनिअरकडून तपासणी, बंधनकारक आहे. अहवाल मागा आणि त्यात इमारत कोणत्या वर्गात आहे ते बघा. सी-वन म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-टू-ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, सी-थ्री म्हणजे किरकोळ. "ऑडिट झालंय" हे उत्तर पुरेसं नाही, कागद डोळ्यांनी बघा.

"दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट आहे, चाळीस टक्के जास्त एरिया मिळेल" हे वाक्य आम्हाला सहा घरांत ऐकायला मिळालं. प्रत्येक ठिकाणी मी तेच विचारत गेले: अभिहस्तांतरण झालंय का, सभासदांच्या विशेष सभेत विकासक निवडला गेलाय का, त्या सभेला सहकार खात्याच्या निबंधकांचा प्रतिनिधी होता का, करार नोंदवला गेलाय का. सहापैकी पाच ठिकाणी गोष्ट विकासक "येऊन बघून गेला" एवढ्यावरच थांबलेली होती. विलेपार्ले, कुर्ला अशा विमानतळाच्या आसपासच्या भागांत उंचीची मर्यादाही आड येते. न झालेल्या पुनर्विकासाचे पैसे आजच्या भावात मोजू नका.

११. हिशेब आणि टोकन

घरी येऊन त्याच रात्री वहीतले दोष दोन रकान्यांत लिहा: पैसे देऊन सुटणारे आणि न सुटणारे. नळ, वायरिंग, किचनचा ओटा पहिल्यात. वरचा वाद, इमारतीचे खांब, वारसांचे अपुरे कागद दुसऱ्यात. दुसऱ्या रकान्यात एकही ओळ असेल तर कमी भावाचा मोह धरू नका. पहिल्या रकान्याची बेरीज कंत्राटदाराकडून करून घ्या आणि ती घेऊन बोलणीला बसा. आम्ही "बाथरूमच्या टाइल आणि वायरिंग मिळून एक लाख ऐंशी हजार" असा कागद पुढे ठेवला तेव्हा मालक चिडले नाहीत, त्यांनी कागद वाचला.

हातात रोख किती लागणार ते आधीच मांडा. समजा घर ९५ लाखांचं आहे. बँकेने ७५ टक्के कर्ज दिलं असं धरू, म्हणजे ७१ लाख २५ हजार. तुमचे २३ लाख ७५ हजार. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ५ लाख ७० हजार (खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर १ टक्का सवलत आहे). नोंदणी शुल्क ३० हजार. एजंटची दलाली १ टक्का धरली तर ९५ हजार. सोसायटीचा प्रीमियम २५ हजार. बेरीज जवळपास ३१ लाख, दुरुस्ती आणि सामान हलवणं सोडून. मुद्रांक शुल्क रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला त्या भागाचा दर) आणि कराराची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं हेही धरा.

टोकन मालकाच्याच बँक खात्यात, एजंटच्या नाही. २० हजार किंवा जास्त रोख कोणी मागितली तर देऊ नका, मालमत्तेच्या व्यवहारात ती घेणंच कायद्याला धरून नाही. सोबत एक पानाची पावती: घराचा पत्ता, ठरलेली पूर्ण किंमत, करारनाम्याची तारीख, आणि "कागदपत्रांत दोष निघाल्यास किंवा बँकेने या घरावर कर्ज नाकारल्यास पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत" ही ओळ. सह्या सगळ्या मालकांच्या. ही ओळ लिहायला मालक तयार नसेल तर टोकन थांबवा. आमच्या एका मैत्रिणीचे एक लाख याच एका ओळीवाचून दहा महिने अडकले होते.

१२. तिसरी भेट: सामान हलल्यावर

नोंदणी आणि शेवटचा हप्ता यांच्या आधी घर रिकामं झालं की पुन्हा जा. आता कपाटामागच्या, पलंगामागच्या भिंती दिसतात. मुलुंडला बेडरूमचं कपाट निघालं आणि मागे एक पिवळसर पट्टा दिसला. मी हाताची मागची बाजू लावून बघितली, कोरडा होता, जुना डाग. मालकांच्या मुलाने सांगितलं की २०१९ ला बाहेरची भिंत सोसायटीने दुरुस्त केली तेव्हाचा तो आहे, आणि बिलाची प्रत फाइलमधून काढून दाखवली.

करारात राहणार म्हणून लिहिलेल्या वस्तू, म्हणजे पंखे, गिझर, किचन ट्रॉली, एसी, जागेवर आहेत का ते यादीवर टिक करत बघा. पाइपच्या गॅसचं आणि विजेचं मीटर, दोन्हींवरच्या आकड्यांचा तारखेसह फोटो काढा आणि तो मालकांना त्याच क्षणी पाठवा. किल्ल्या मोजून घ्या: मुख्य दाराच्या, लोखंडी जाळीच्या, लेटरबॉक्सच्या, आणि गच्चीची एक सभासदांकडे असते ती. पहिल्याच संध्याकाळी मुख्य कुलूप बदला.